दूध नासतं, फाटतं की विरजतं?

प्रश्न :
मुलीने सातवीच्या विज्ञान प्रकल्पात लिहिलं, ‘जिवाणूंमुळे दूध खराब होऊन दही तयार होतं.’ सासूबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “अगं, दही म्हणजे काय खराब दूध? नासणं वेगळं, विरजणं वेगळं.” मुलगी म्हणते, दोन्हीकडे जिवाणू, दोन्हीकडे आंबटपणा, मग शब्द दोन कशाला? मला काही नीट सांगता येईना. नासणे, विरजणे, आंबणे, मुरणे यांत नेमका फरक काय?

प्रतिसाद :
सासूबाईंचं बरोबर आहे, ताई. पण लेकीचा प्रश्नही अगदी रास्त आहे.

दुधातलं मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. त्याचे अतिसूक्ष्म कण दुधात एकमेकांपासून अंतर राखून तरंगत असतात. ताज्या दुधाचा सामू (pH, म्हणजे आंबटपणा मोजायचं माप; आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) साधारण ६.६ ते ६.७ असतो. जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, सामू उतरत जातो आणि ४.६ च्या आसपास पोचेपर्यंत हे कण एकमेकांना चिकटलेले असतात. इथवर लेकीचं खरं आहे.

फरक पडतो तो वेगामुळे. विरजण लावलेलं दूध कोमट असतं, झाकलेलं असतं आणि त्याला कोणी हात लावत नाही. आम्ल रात्रभर हळूहळू वाढतं, केसीनचं जाळं सावकाश विणलं जातं आणि पाणी त्या जाळ्यातच अडकून राहतं. सकाळी दह्यात चमचा घालून एक वडी काढून बघा. कापलेली कड गुळगुळीत, सरळ उभी राहते. अर्ध्या तासाने त्या खळग्यात पिवळसर-हिरवट निवळी साचलेली दिसेल. जाळं तुटलं तिथूनच ती झिरपलेली असते.

नासताना हा निवांतपणा मिळत नाही. कालचं दूध वासाला बरं लागतं, पण आम्ल थोडं साठलेलं असतं. गार असताना तेवढ्याने काही होत नाही. गॅसवर ठेवलं की उष्णतेने कण एकदम एकमेकांवर आदळतात, गोळे होतात आणि पाणी वेगळं पडतं.

आता व्याकरण बघा. ‘दूध नासलं’ म्हणताना कर्ता दूधच असतं, ते आपलं आपण नासतं. ‘आईने दूध विरजलं’ यात कोणीतरी मुद्दाम काही केलेलं असतं. नासण्यात ‘नाश’ आहे, विरजण्यात माणसाचा हात आहे. ‘खराब होणे’ लिहिलं की हा भेद पुसला जातो, म्हणून तो शब्द मला इथे अजिबात नको वाटतो.

दुसरा प्रतिसाद :
आमच्याकडे विदर्भात दूध ‘फाटतं’. दिसतं तसंच नाव. पनीरसाठी लिंबू पिळून आम्ही दूध ‘फाडतो’. आणि आंबण्याबद्दल एक विचारतो : दिवसभर शेतात राबल्यावर ‘अंग आंबलं’ म्हणतात, त्याचा या आंबण्याशी संबंध आहे का?

पहिल्याच प्रतिसादकाकडून :
सुंदर प्रश्न, दादा! आंबणे, आंबट आणि पाठ्यपुस्तकातलं आम्ल ही सगळी ‘अम्ल’ची लेकरं. इडलीचं पीठ आंबतं तिथे जिवाणू आम्लही करतात आणि वायूही, म्हणून ते फुगतं.

आता योगायोग पाहा. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शील यांनी १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळं काढलं. पुढे १९व्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्याच देशाच्या बर्झेलियस यांना तेच आम्ल प्राण्यांच्या स्नायूंतही सापडलं. ‘अंग आंबणे’ हा वाक्प्रचार तिथून आलेला नाही, तो आपल्या अंगाच्या जाणिवेतून आलेला आहे. पण दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याचं खापर लॅक्टिक आम्लावर फोडू नका. श्रम थांबल्यावर ते तासाभरात बरंचसं निघून जातं. ठणका मात्र एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतो. तो येतो स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे आणि तिथल्या दाहामुळे.

‘मुरणे’ मात्र या घरातलं नाही. मुरणे म्हणजे आत आत शिरत जाणे. पाऊस जमिनीत मुरतो, तसं मीठ कैरीच्या फोडीत मुरतं. मीठ फोडीतलं पाणी बाहेर ओढतं आणि त्या खारात विरघळून मसाल्यासकट आत जातं. कैरीच्या लोणच्यात जिवाणूंना फारसं कामच नसतं, मीठ, तेल आणि कैरीचा आंबटपणा त्यांना थारा देत नाही. दहीही मुरतं म्हणतात खरं, पण तिथे ‘लागणं पुरं होणं’ असा अर्थ आहे. अर्धवट मुरलेलं, आंबट न झालेलं, ते अदमुरं. हा शब्द लेकीच्या वहीत जरूर जाऊ द्या.

मूळ प्रश्नकर्ती :
सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या विचारतात, मग खरवसाचं काय? त्यात आंबट काहीच नाही, तरी तो वडीसारखा बसतो.

उत्तर :
कारण चिकात, म्हणजे गाय-म्हैस व्यायल्यावरच्या पहिल्या दुधात, निवळीत राहणारी प्रथिनं भरपूर असतात, वासराला रोगांपासून जपणारी. ती आम्लाने नाही, नुसत्या वाफेने गोठतात, अंड्याच्या बलकासारखी. म्हणून खरवस नासतही नाही, विरजतही नाही. आमची आजी म्हणायची, खरवस ‘धरला’. तुमच्याकडे काय म्हणतात?