देवराईत देव जवळ असतो, की आपलेच मन शांत होते?

डोंगरयात्री : ‘निसर्गात देव जाणवतो म्हणणारे लोक केवळ सुट्टीचा आनंद घेत असतात’ असे विधान काल एका सदस्याने केले. त्याला दोन ओळींत उत्तर देणे मला जमेना, म्हणून हा स्वतंत्र धागा. भीमाशंकरच्या बाजूच्या एका देवराईत, म्हणजे देवाच्या नावावर राखलेल्या रानात, मी पावसाच्या सुरुवातीला गेलो होतो. भर दुपारी आत काळोख होता, गारंबीच्या वेलाचा जाड पीळ एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेला होता आणि पाचोळ्यात शेंदूर फासलेला एक तांदळा, म्हणजे देव मानलेला अनघड दगड, तेवढा होता. तेथे जे सान्निध्य जाणवले, ते मला आजवर कोणत्याही गाभाऱ्यात जाणवलेले नाही. तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसत, ते काही सुट्टी घालवायला नव्हे.

कातळवाट : ते विधान माझे आहे आणि मी ते मागे घेत नाही. त्याच भीमाशंकरच्या परिसरात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. पुढे रायगड जिल्ह्यात २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गेली. माझे आजोळ डोंगराच्या पायथ्याशी आहे, आणि मुसळधार पावसाच्या रात्री तेथे कोणी ना कोणी दरडीचा कानोसा घेत जागे असे. झाडांच्या गारव्यात तुम्हाला भेटलेला देव त्या सकाळी माळीणमध्ये कोठे होता, हे आधी सांगा आणि मग सान्निध्याविषयी बोला.

गुरवाची लेक : आपण दोघेही पाहुण्यांसारखे बोलत आहात. संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावात देवरहाटीत, म्हणजे तुमच्या देवराईत, देव ‘जाणवतो’ असे कोणी म्हणत नाही. तेथे तो राहतो, आणि त्याच्या घरात जपून वागायचे असते. पायांत वहाण नको, पडलेली फांदीसुद्धा चुलीला नको, आणि झाडाला हात लावायचा तर आधी कौल, म्हणजे देवाची परवानगी. चाकरमान्यांनी वर्गणी काढून जीर्णोद्धार केला तेव्हा सभामंडपाच्या आड येतो म्हणून जुना बेहडा तोडला. त्याच्या ढोलीत धनेशाचे घरटे होते. मादी स्वतःला आत लिंपून घेऊन अंडी उबवते आणि नर बारीक फटीतून तिला फळे भरवतो, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. कौल लावू द्या, असे माझे वडील विनवत राहिले, पण कोणी थांबले नाही. देव दूर कसा जातो हे मला त्या दिवशी कळले.

परळकर : चाकरमान्यांना प्रत्येक वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे थांबवा. आमच्या गावच्या देवस्थानात माझी आजी भर पावसात ओटी भरायला जाताना चिखलात घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. ती पुन्हा चालली नाही. वर स्लॅब आणि खाली फरशी मागणे हे पाप कसे ठरते? आजीला देव जवळ हवा होता, काळोख नव्हे. झाडांचे कौतुक ज्यांना डोलीत बसवून न्यावे लागत नाही, त्यांनाच परवडते.

गुरवाची लेक : आपल्या आजींचे वाचून वाईट वाटले, आणि वाटेला पायऱ्या हव्यात हे मलाही मान्य आहे. मात्र पायऱ्यांसाठी बेहडा तोडावा लागत नाही. तो सभामंडपासाठी आणि देणगीदारांच्या नावांच्या पाटीसाठी तोडावा लागतो. आता उरलेल्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवायचे म्हणतात!

डोंगरयात्री : पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी १९७० च्या दशकात आपल्या देवरायांचा अभ्यास केला. आसपासचे रान तुटले तरी देवाच्या नावावर राखलेले तुकडे टिकले, हे त्यांनीच लिहून ठेवले. मला जाणवते ते आणि गावाने राखले ते, ही एकाच श्रद्धेची दोन रूपे आहेत.

कातळवाट : देवाच्या नावाने झाडे वाचली, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. त्याने देव सिद्ध होत नाही, धाक सिद्ध होतो. आणि माळीणचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

गुरवाची लेक : माळीणचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ते आहे असे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. आमच्या वाडीवर दरड आली आणि गोठा गुरांसकट गेला, त्या संध्याकाळीही वडील रहाटीत दिवा लावायला गेले. देव जवळ आहे म्हणून आपले काही बिघडणार नाही, असे त्यांनी कधीच मानले नव्हते. तो जवळ आहे म्हणून आपल्याला वाटेल तसे वागता येत नाही, एवढेच ते मानत. आपण त्याला धाक म्हणता. मी त्याला शेजार म्हणते.

परळकर : पेव्हर ब्लॉकचा विषय आमच्याकडेही गणपतीच्या बैठकीत निघणार आहे. मी त्याच्या बाजूने बोलणार नाही, पण विरोध करीन असा शब्दही देत नाही. छप्पर मात्र राहील.