मदत हवी आहे: ऑक्सिजन संपत आल्याचं ई. कोलाय या जिवाणूला कळतं कसं? एफएनआर आणि आर्क या नियंत्रण यंत्रणा, दोन्ही कशाला?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात टीवायबीएस्सीला मायक्रोबायोलॉजी शिकवते. ऑक्सिजन नसताना जिवाणू ऊर्जा कशी मिळवतात हा भाग सध्या चालू आहे आणि तिथे मी अडले आहे. जाणकारांनी कृपया वेळ काढावा.

ऑक्सिजन असेल तर श्वसन, नसेल तर किण्वन (श्वसनाविना साखर मोडून ऊर्जा मिळवणं), एवढ्यावर बरीच पुस्तकं थांबतात. प्रत्यक्षात ऑक्सिजन नसला आणि नायट्रेट मिळालं तर ई. कोलाय नायट्रेटवर श्वसन करतो, म्हणजे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनऐवजी नायट्रेटला देतो, तेही नसेल तर फ्युमरेटवर, आणि काहीच नसेल तेव्हा किण्वनावर येतो. हा क्रम मुलांना पटतो, कारण रेडॉक्स विभव (इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ताकद) फळ्यावर मांडता येतात: ऑक्सिजन साधारण +८२० मिलिव्होल्ट, नायट्रेट +४२०, फ्युमरेट +३०.

अडचण नियंत्रणाची आहे. एफएनआर या, डीएनएवर बसून जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनात लोह-गंधकाचा गट असतो, ऑक्सिजन लागला की तो मोडतो आणि प्रथिन डीएनएवरून सुटतं, इथपर्यंत ठीक. पण आर्कबी (संवेदक) आणि आर्कए (त्याच्या इशाऱ्यावर जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन) ही जोडीही ऑक्सिजन कमी झाल्यावरच जागी होते. एकाच कामाला दोन यंत्रणा का? त्यातही सायटोक्रोम बीडी या, श्वसनात ऑक्सिजन वापरणाऱ्या एन्झाइमची जनुकं आर्कए वाढवतो आणि एफएनआर दाबतो. दोघंही ऑक्सिजनच्या तुटवड्याला प्रतिसाद देत असतील तर हे उलटसुलट हुकूम कसे?

शिवाय एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, मोठ्या आतड्यात ऑक्सिजन नसतोच, मग तिथल्या जिवाणूला ऑक्सिजन वापरणारं एन्झाइम हवंच कशाला?" प्रश्न फार चांगला आहे आणि तिला मोघम उत्तर देऊन गप्प बसवायची माझी इच्छा नाही.

प्रतिसाद १

ताई, दोघं एकच गोष्ट मोजत नाहीत हे धरलं की गुंता सुटतो.

एफएनआर पेशीद्रवात असतो आणि थेट ऑक्सिजनच्या रेणूला भिडतो. त्याचा चार लोह-चार गंधकाचा गट मोडून दोन-दोनचा होतो, जोडीने असलेलं प्रथिन सुटं होतं आणि डीएनएवरची पकड जाते. प्रथिनाचं पेशीतलं प्रमाण ऑक्सिजन असो वा नसो फारसं बदलत नाही. बदलते ती अवस्था.

आर्कबी ऑक्सिजनकडे पाहतच नाही. तो पटलात बसून क्विनोनच्या (श्वसनसाखळीत इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूंच्या) साठ्याकडे लक्ष ठेवतो, म्हणजे इलेक्ट्रॉन पुढे सरकताहेत की तुंबलेत याकडे. जॉर्जेलिस, क्वॉन आणि लिन यांनी २००१ साली दाखवलं की ऑक्सिडाइज्ड क्विनोन आर्कबीचं काम थांबवतात. पुढे त्यामागचं कारणही कळलं: त्याच्या सिस्टीन या अमिनो आम्लांमध्ये डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंध तयार होतात. क्विनोन इलेक्ट्रॉनांनी भरले की हा बंध सुटतो आणि आर्कएवर फॉस्फेट चढतो, म्हणजे तो जागा होतो. क्विनोनचे युबिक्विनोन आणि मेनाक्विनोन असे प्रकार आहेत; नंतरच्या कामात मेनाक्विनोनचाही हात दिसला आहे, त्यामुळे वर्गात सगळं श्रेय युबिक्विनोनला देऊ नका.

आता सायटोक्रोम बीडी. ऑक्सिजन भरपूर असताना काम करतो तो सायटोक्रोम बीओ३ हा दुसरा ऑक्सिजन वापरणारा एन्झाइम. तो पटलापलीकडे प्रोटॉन पंप करतो (त्यातूनच ऊर्जा मिळते), दर इलेक्ट्रॉनमागे दोन प्रोटॉनांची कमाई. बीडी पंप करत नाही, कमाई निम्मी, पण नॅनोमोलर पातळीवरचा ऑक्सिजनही पकडतो. ऑक्सिजन घटायला लागला की साखळी तुंबते, आर्कए जागा होतो, बीओ३ दाबतो आणि बीडी वाढवतो. एफएनआर अजून पुरता जागा झालेला नसतो. ऑक्सिजन जवळजवळ पूर्ण गेला की तो डीएनएवर बसतो आणि बीडीही खाली आणतो, कारण आता पकडायलाच काही उरलेलं नसतं. म्हणून बीडीचा आलेख मधे उंच आणि दोन्हीकडे उतरता येतो. हुकूम उलटसुलट वाटतात, पण ते वेगवेगळ्या वेळचे आहेत.

मुलांना हेही जरूर दाखवा: आर्कए सक्सिनेट डिहायड्रोजिनेज (सक्सिनेटचं फ्युमरेट करणारं एन्झाइम) दाबतो आणि एफएनआर फ्युमरेट रिडक्टेज (फ्युमरेटचं सक्सिनेट करणारं) वाढवतो. तीच अभिक्रिया, दिशा उलटी. क्रेब्स चक्राचं चक्र उरत नाही, दोन फांद्या होतात आणि एका फांदीच्या टोकाला सक्सिनेट बाहेर पडतं. मला स्वतःला या सगळ्या विषयातला हा सर्वांत देखणा भाग वाटतो.

प्रतिसाद २

वरचा प्रतिसाद उत्तम. मी फक्त विद्यार्थिनीच्या प्रश्नापुरतं लिहितो. तिला शाबासकी द्या.

आतड्याच्या पोकळीत मध्यभागी ऑक्सिजन जवळजवळ नसतो, पण भिंतीत रक्तवाहिन्या आहेत आणि तिथून तो थोडा थोडा झिरपतो. बराचसा आतड्याच्या पेशीच ब्युटिरेट (जिवाणूंनी किण्वनातून बनवलेलं मेदाम्ल) जाळताना वापरून टाकतात, उरलेला श्लेष्माच्या थरापर्यंत येतो. ई. कोलाय नेमका त्या थरात राहतो.

२००७ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात बीडी नसलेले ई. कोलाय आतड्यात वस्ती करू शकले नाहीत. बीओ३ नसलेल्यांचं काही अडलं नाही. नायट्रेट किंवा फ्युमरेट रिडक्टेज नसलेलेही मागे पडले. म्हणजे त्याला दोन्ही लागतं, ऑक्सिजनचे कणही आणि त्याविना चालणारं श्वसनही. हे उंदीर स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक दिलेले होते, त्यांचे मूळचे जिवाणू बरेच कमी झाले होते, तेवढं लक्षात ठेवून निष्कर्ष काढावा.

दुसरं उदाहरण याहून नवलाचं आहे. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस या आतड्यातल्या जिवाणूला आपण कट्टर अवायुजीवी (ऑक्सिजनशिवायच वाढणारा) म्हणून शिकवतो. २००४ मध्ये दिसलं की नॅनोमोलर ऑक्सिजन मिळाला तर त्याची वाढ सुधारते, आणि तेही सायटोक्रोम बीडीच्याच आधारे.

आतड्याला सूज आली की चित्र पुन्हा बदलतं. शरीराच्या दाहक प्रतिक्रियेतून नायट्रेट तयार होतं, ते ई. कोलायला श्वसनासाठी मिळतं आणि नुसत्या किण्वनावर जगणारे शेजारी मागे पडतात. अशा आजारांत त्याची संख्या का वाढते, याचं एक कारण हे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. बीडीचा आलेख उद्याच फळ्यावर काढते, आणि विद्यार्थिनीला दुसरा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवीन.

आणखी एक विनंती. आमच्याकडे अॅनएरोबिक चेंबर (ऑक्सिजन काढून टाकलेली पेटी) नाही. नायट्रेट आणि फ्युमरेटवरचं श्वसन साध्या प्रयोगशाळेत दाखवता येईल का? मेणबत्तीची बरणी चालेल?

प्रतिसाद ३

मेणबत्तीची बरणी नको. ज्योत विझली तरी आत ऑक्सिजन बराच उरतो.

टेस्ट ट्यूब वापरा. मिनिमल मीडियममध्ये (फक्त आवश्यक क्षार आणि एकच कार्बनस्रोत असलेल्या माध्यमात) ग्लुकोजऐवजी ग्लिसरॉल घ्या, कारण नेहमीच्या परिस्थितीत नुसत्या ग्लिसरॉलच्या किण्वनावर ई. कोलाय वाढत नाही. एका ट्यूबमध्ये नायट्रेट घाला, दुसरीत फ्युमरेट, तिसरीत काहीच नाही. माध्यम उकळून ऑक्सिजन घालवा, गार झाल्या झाल्या जिवाणू सोडा आणि वर निर्जंतुक लिक्विड पॅराफिनचा जाड थर द्या. पहिल्या दोन गढूळ होतील, तिसरी जवळजवळ स्वच्छ राहील. ही वाढ सावकाश होते, दुसऱ्याच दिवशी निकाल मागू नका. एफएनआर नसलेला स्ट्रेन कुठून मिळाला तर पहिल्या दोन ट्यूबांतही वाढ होणार नाही. हे जनुक मुळात याच लक्षणावरून सापडलं.

नायट्रेटच्या ट्यूबमध्ये नायट्राइट तपासायला सल्फॅनिलिक आम्ल आणि अल्फा-नॅफ्थिलअमाइन आहेच तुमच्याकडे. लाल रंग येतो. हातमोजे घाला, अल्फा-नॅफ्थिलअमाइन अंगाला लागू देऊ नका. रंग नाही आला तर जस्ताची चिमूटभर पूड टाका. तेव्हा लाल झालं तर नायट्रेट तसंच पडून आहे असं समजा.

माध्यमात मॉलिब्डेटचा अंश असू द्या. नायट्रेट रिडक्टेजला मॉलिब्डेनम लागतं.