अंगठा उमटत नाही म्हणून आईची पेन्शन थांबली, काय करावे?

प्रश्न (वाईकर):
माझी आई ७४ वर्षांची असून वाई तालुक्यातील गावी एकटीच राहते. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला होते. २०१९ मध्ये ते गेल्यानंतर आईला ईपीएस-९५ (भविष्य निर्वाह निधीची कामगारांसाठीची पेन्शन योजना) मधून विधवा पेन्शन म्हणून दरमहा १,३४० रुपये मिळू लागले. गेल्या डिसेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी ती एका सेवा केंद्रात गेली होती. जन्मभर खुरपे धरून तिच्या बोटांच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की, दहाही बोटे आळीपाळीने ओल्या फडक्याने पुसून ठेवून पाहिली, तरी यंत्र काही दाद देईना. अखेर केंद्रचालकाने ‘झाले आजी’ म्हणून पन्नास रुपये घेतले. पावती मात्र दिली नाही. जानेवारीपासून खात्यात एक रुपयाही जमा झालेला नाही. बुडालेले महिने परत मिळतात का? आणि तोवर तिला निराधार वृद्धांसाठीच्या सरकारी श्रावणबाळ योजनेचा लाभ घेता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त लिपिक):
पैसे बुडालेले नाहीत, केवळ अडकले आहेत. दाखला मंजूर झाला की थकबाकीसह जमा होतात, एवढे आईंना आजच सांगावे. पावती नाही याचा अर्थ बहुधा दाखला तयारच झाला नाही. तो झाला असता तर दाखल्याचा प्रमाण क्रमांक मिळाला असता व नोंदवलेल्या मोबाइलवर तसा संदेश आला असता. ईपीएसच्या पेन्शनरांना सरकारी पेन्शनरांसारखी नोव्हेंबरची वाट पाहावी लागत नाही. वर्षातून केव्हाही दाखला देता येतो आणि तो त्या तारखेपासून बारा महिने चालतो.

अंगठ्याचा नाद सोडावा. स्मार्टफोनवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप घेतली की चेहऱ्यावरून पडताळणी होते, आणि फोन तुमचा असला तरी चालतो. माझ्या अनुभवात खरी चूक पुढे होते: मुले घाईघाईत वडिलांच्या जुन्या कागदावरचा पीपीओ (पेन्शन आदेश) क्रमांक भरतात. आईंच्या नावाने निघालेल्या पेन्शन आदेशावरचाच क्रमांक आणि पेन्शन जमा होणारेच खाते भरावे. पुनर्विवाह केला आहे का, असेही तो अर्ज विचारतो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हा प्रश्न ऐकून आई हसतील, पण उत्तर नीट पाहून नोंदवावे. प्रमाण क्रमांक मिळाला म्हणजे काम संपले असेही समजू नये, कारण तपशील जुळला नाही तर पेन्शन कार्यालय तो दाखला नाकारू शकते. चार-आठ दिवसांनी स्थिती पुन्हा तपासावी.

उत्तर २ (माणदेशी):
श्रावणबाळबद्दल लिहितो. वय ६५ पूर्ण, राज्यात किमान १५ वर्षे वास्तव्य, आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, अशा त्याच्या मुख्य अटी आहेत. जुलै २०२३ पासून दरमहाची रक्कम १,००० वरून १,५०० रुपये झाली. आईंची पेन्शन वर्षाला सोळा हजारांच्या घरात जाते, म्हणजे आकडा मर्यादेत बसतो. पण उत्पन्नाचा दाखला कुटुंबाचा असतो, आणि आपण कमावते असाल तर ते लपवून अर्ज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही योजना ज्यांना कोणाचाच आधार नाही अशांसाठी आहे. पेन्शन सुरू होईपर्यंतची सोय म्हणून तर ती मुळीच उपयोगाची नाही, कारण तहसीलच्या समितीपुढे अर्ज येऊन मंजूर होईपर्यंत आपली थकबाकी जमाही झालेली असेल.

एक मात्र सर्वांनीच ध्यानात ठेवावे. माझ्या सासूबाईंचे श्रावणबाळचे पैसे थेट बँक खात्यात हस्तांतरण सुरू झाल्यावर अचानक दिसेनासे झाले. चार महिने आम्ही तहसीलला दोष देत होतो, आणि पैसे मात्र सिमकार्ड घेताना नकळत उघडल्या गेलेल्या एका खात्यात सुखरूप पडून होते! आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यातच ही रक्कम जाते. कोणते खाते जोडलेले आहे, ते आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते.

वाईकर:
दोघांचेही आभार. आपले म्हणणे पटले. श्रावणबाळचा अर्ज करणार नाही. रविवारी गावी जाऊन दाखला केला. घरातल्या अंधारात दोनदा चेहरा जुळला नाही, म्हणून आईला पडवीत बसवले, डोईवरचा पदर थोडा मागे घेतला, आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली. तिने दोन्ही डोळे घट्ट मिटले ते उघडीचना! तिसऱ्या वेळी जमले. जुन्या फायलीत पीपीओ दोन निघाले, आणि खरोखरच मी वडिलांचा भरायला निघालो होतो. प्रमाण क्रमांक मिळाला आहे. पुढच्या रविवारी स्थिती तपासून इथेच कळवतो.