दोन हजारांच्या आतला घडीचा चाकू: स्टीलचं नाव वाचून घेता की पातं बघून?

घाटवाटकरी

नमस्कार मंडळी. आमच्या ट्रेक ग्रुपवर परवा एकाने विचारलं की फोल्डिंग नाइफ घ्यायचाय, बजेट दोन हजार, कुठला घेऊ. दहा मिनिटांत सगळे डी२ भारी की १४सी२८एन भारी (ही पात्याच्या पोलादाची नावं) यावरून एकमेकांच्या उरावर. कापायचंय काय हे त्या माणसाला कोणी विचारलंच नाही.

माझं मत सरळ आहे. या किमतीत पात्यावर कोरलेलं स्टीलचं नाव ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट. आधी बघा धारेच्या लगेच वर पातं किती जाड आहे. व्हर्नियर असेल तर मोजा, नसेल तर चिमटीत धरून बोटं धारेकडे न्या, कळतं. अर्धा मिलिमीटर किंवा त्याच्या आत असेल तर चाकू कापतो. बजेटमधले कितीतरी चाकू इथे पाऊण मिलिमीटर आणि वर निघतात, पाठ तीन-साडेतीन मिलिमीटर, दिसायला एकदम कमांडो, आणि गाजर कापायला घ्या, पातं निम्म्यात अडकतं आणि गाजर कट् करून फुटतं. कापलं नाही जात, फुटतं. फुटलेली बाजू बघा, खरखरीत असते. सफरचंदाचंही तेच.

याउलट ओपिनेलचा आठ नंबर. १८९० पासून फ्रान्सच्या डोंगराळ भागात बनतोय, बीचच्या लाकडाची मूठ, पाठ पावणेदोन मिलिमीटरच्या आत, क्लिप नाही, बेअरिंग नाही, लॉक (उघडं पातं मिटू न देणारी खिट्टी) म्हणजे १९५५ मध्ये आलेली एक फिरणारी रिंग. आणि कापण्यात वरच्या सगळ्या कमांडोंना घरी बसवतो.

दुसरं म्हणजे लॉक. तिसरं म्हणजे पोलादाला पाणी कसं दिलंय, म्हणजे हीट ट्रीटमेंट, आणि ते पात्यावर कोणीच छापत नाही. आणि ते सेंटरिंग सेंटरिंग करून (पातं मिटल्यावर मधोमध बसतंय का ते) मिटलेल्या चाकूचे फोटो टाकणं कृपया बंद करा.

मेटलर्जी_मामा

साफ असहमत. जाड पातं दगडावर घासून पातळ करता येतं, स्टील बदलता येत नाही. एवढं साधं आहे.

स्टीलचं नाव म्हणजे किमान रेसिपी काय आहे ते तरी कळतं. डी२ मध्ये साधारण दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम. त्याने क्रोमियमचे मोठे कडक कार्बाइड (कार्बनशी जुळून झालेले कण) बनतात, धार खूप टिकते, पण बरंचसं क्रोमियम त्यातच अडकल्याने ते पुरतं स्टेनलेस राहत नाही. ८सीआर१३एमओव्ही म्हणजे पॉइंट आठच्या आसपास कार्बन, धार लवकर जाते पण लवकर लागते. १४सी२८एन स्वीडनचं, नायट्रोजन घातलेलं, सहजासहजी गंजत नाही (सँडविकचं म्हणून सगळे ओळखतात, २०२२ मध्ये त्यांचा हा पोलादाचा विभाग वेगळा होऊन आलीमा नावाची कंपनी झालाय). हे सगळं एका शब्दावरून कळतं, आणि तुम्ही म्हणता शेवटी बघा?

ज्याच्यावर नुसतं 'स्टेनलेस' किंवा पुढे अक्षर नसलेलं '४४०' लिहिलंय तो चाकू हातात पण घेऊ नका. ४४०ए आणि ४४०सी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि अक्षर मुद्दाम गाळलेलं असतं.

घाटवाटकरी

मामा, दोन हजारांचा चाकू घेणारा माणूस तो घरी आणून चार तास दगडावर घासून पातळ करणार आहे? तुम्ही कराल, मी करेन, तो नाही करणार.

आणि पात्यावर डी२ कोरायला लेझर लागतो, डी२ लागत नाही. आतमध्ये खरंच तेच आहे हे खात्रीने सांगायला लॅब लागते. समजा खरंच आहे. मग भट्टीत घाई केली असेल तर ते ६० रॉकवेलऐवजी (हे कडकपणाचं माप) ५६ ला पण निघू शकतं. मग कसली रेसिपी आणि कसलं काय.

कलमवाला_दापोली

आमचा धंदाच चाकूचा, म्हणून लिहितो. नर्सरी आहे, आंब्याची कोय कलमं बांधतो. कलम चाकू पण घडीचाच असतो, पण पातं एकाच बाजूने घासलेलं, दुसरी बाजू सपाट. काडीला (खुंटावर जोडायच्या फांदीला) पाचर मारताना काप एका ओढीत आणि आरशासारखा सपाट यायला लागतो, उंचसखल झाला की खुंटात बसवल्यावर मध्ये हवा राहते आणि कलम मरतं. तिथे तुमचं स्टीलचं नाव कोणी विचारत नाही.

माझी माणसं नवीन चाकू आला की एकच बघतात. काडीवर एक काप मारायचा आणि तो काप तिरका धरून उजेडात बघायचा. कापावर उभ्या रेघा दिसल्या म्हणजे धारेला बारीक दाते आहेत. रेघा गेल्या नाहीत तर दगडावर परत. दोन-तीनदा दगडावर घेऊनही रेघा येतच राहिल्या तर चाकू नारळाच्या शेंड्या काढायला.

बाकी धारेचं सांगतो, कंपनीतून आलेल्या धारेवर मत बनवू नका. मशीनच्या पट्ट्यावर घासताना टोकाची धार तापून मऊ पडलेली असते. दोन-तीन वेळा दगडावर लावून ती कड गेली की खालचं खरं पोलाद लागतं, तेव्हा कळतं चाकू कसा आहे.

आणि मामा, डी२ चा चाकू एकाने आणून दिलेला. आमच्या कुरुंदाच्या दगडावर तो चढतच नाही हो. तासभर घासला तरी दगडच झिजतोय की काय वाटतं.

मेटलर्जी_मामा

त्याला डायमंड प्लेट (हिऱ्याची भुकटी बसवलेली पट्टी) सोयीची पडते. कार्बाइड कडक असतात, साध्या दगडावर काम फार हळू होतं. दगड चुकला म्हणून स्टील वाईट होत नाही.

पहिल्या दोन-तीन धारांबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. रिव्ह्यूवाले बॉक्समधून काढून कागद कापून दाखवतात ते बघून हसू येतं.

नीटनेटका

सेंटरिंगची एवढी टिंगल कशाला? साधा विचार करा. ज्यांना मिटलेलं पातं दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये बसवता येत नाही, त्यांनी भट्टीचं तापमान काळजीने सांभाळलं असेल असं तुम्हाला वाटतं? जे दिसतं त्यावरूनच जे दिसत नाही त्याचा अंदाज करायचा असतो. मी दुकानात चाकू घेतला की आधी मिटवून वरून बघतो, मग उघडून डावी-उजवीकडे हलवतो, मग वर-खाली. तीनही पास झाले तरच पाकीट काढतो.

घाटवाटकरी

नेमकं उलट आहे, आणि माझा सगळा मुद्दा हाच आहे. जे दिसतं त्यावर जे दिसत नाही त्याचे पैसे खर्च होतात. आजकाल बजेट चाकू विकले जातात व्हिडिओवर. व्हिडिओत काय दिसतं? बोटाने फ्लिप केला की खट् करून उघडला, पातं मधोमध, स्क्रू चकाचक, मुठीला जी१० (काचतंतूंचा कडक थर). मग कंपनी बॉल बेअरिंग टाकते, कारण ते गुळगुळीत उघडतं. धारेमागची जाडी व्हिडिओत दिसत नाही, हीट ट्रीटमेंट दिसत नाही, आणि पातळ घासायला मशीनवर जास्त वेळ जातो, पातं तापून बाद व्हायची भीती, म्हणून जाडच ठेवतात. दोन हजारांत सगळं बसवायचं तर कुठेतरी हात आखडणारच, तो न दिसणाऱ्या जागी आखडतात.

बेअरिंगचं म्हणाल तर घाटातली लाल माती किंवा किनाऱ्यावरची बारीक वाळू एकदा आत गेली की ते गुळगुळीत उघडणं करकर वाजायला लागतं. ब्राँझचे साधे वॉशर असते तर पाण्याखाली धरून, तेलाचा थेंब टाकून काम झालं असतं.

तुमच्या तीन तपासण्यांतली एक मात्र लाखमोलाची. वर-खाली हलणं. डावी-उजवीकडे हलत असेल तर पिव्हटचा (पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याचा) स्क्रू पाव फेरा आवळा, जातं. (टी६ किंवा टी८ हे चांदणीच्या आकाराचं बिट लागतं, आणि कंपनीने गोंद लावलेला असेल तर आधी गरम करा, नाहीतर स्क्रूचं डोकं सपाट होतं.) सेंटरिंगही बऱ्याचदा त्याच स्क्रूने सुधारतं. पण उघडल्यावर पातं वर-खाली हलत असेल तर लॉकचं माप चुकलंय, ते घरी दुरुस्त होत नाही. तो चाकू परत.

नीटनेटका

मग पातं आतल्या पट्टीला घासत असेल, धारेला रोज उघडताना चरा पडत असेल, तरी चालेल?

घाटवाटकरी

घासत असेल तर नाही चालणार. केसभर डावीकडे आहे म्हणून नापास, याला माझा विरोध आहे.

खिट्टी

तुम्ही सगळे धारेवर भांडताय आणि लॉकला एक ओळ. ऑनलाइन घेतलेला एक लायनर लॉकचा चाकू (मुठीतली पट्टी सरकून पात्याला अडवते तो; नाव घेत नाही) माझ्या बोटावर मिटलाय. नायलॉनची जाड दोरी कापत होतो, पातं थोडं पिळलं गेलं, आणि ती आतली पट्टी सरकली. टाके पडले. तेव्हापासून माझ्या लेखी बजेट चाकू म्हणजे आधी लॉक, मग लॉक, आणि उरलं तर धार.

कसं बघायचं: चाकू उघडा आणि पट्टी पात्याच्या बुडाखाली किती सरकली ते बघा. जेमतेम काठावर टेकली असेल तर घेऊ नका. नव्यातच पार पलीकडच्या बाजूला जाऊन भिडली असेल तरी नको, झिजल्यावर तिला सरकायला जागा उरत नाही. मग मूठ दोन्ही बाजूंनी धरा, बोटं पात्याच्या वाटेत अजिबात नकोत, पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर टेकवून हळूहळू दाब वाढवा. मग तोच दाब ठेवून मूठ किंचित पिळा. बहुतेक स्वस्त लायनर लॉक इथे मान टाकतात. शेवटी पाठ लाकडावर दोनदा हलकेच आपटायची.

शंकेखोर

आपटायची?? त्या आपटण्याने नवा चांगला लॉकही बिघडू शकतो. आणि प्रत्यक्ष वापरात पात्याच्या पाठीवर असा धक्का कधी बसतो हो? टेबलाच्या कडेवर हळूहळू दाब ठीक आहे, पिळणंही पटलं. आपटणं म्हणजे नुसता शो.

खिट्टी

टाके पडले की विचारतो तुम्हाला शो म्हणजे काय ते (हलकं घ्या).

पौंडात_पगार

इथे इंग्लंडमध्ये गंमत बघा. तीन इंचांपर्यंतचं, लॉक नसलेलं घडीचं पातं खिशात ठेवायला कारण द्यावं लागत नाही. लॉक आला की योग्य कारण दाखवावं लागतं. म्हणजे तुम्ही ज्याला सुरक्षा म्हणताय त्याच गोष्टीने इथे चाकू संशयित होतो. त्यामुळे मी व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिलिमीटरवाला वापरतो, त्याला लॉकच नाही, फक्त मागची स्प्रिंग. बजेटच्या थोडा वर जातो म्हणा. हात आपोआप शिकतो की धार जिकडे तिकडेच दाब द्यायचा. लॉकमुळे लोक वाटेल तसं उचकटायला लागतात असं माझं मत.

आणि त्याचं स्टील रॉकवेलवर ५५-५६ च्या घरात. कागदावर मामा नापास करतील. पण पातं पातळ आणि कपाच्या तळावर चार हात मारले की धार परत.

मेटलर्जी_मामा

नापास का करू? मऊ आहे, पण त्यांची हीट ट्रीटमेंट वर्षानुवर्षं एकसारखी आहे. तेच अनोळखी कंपनीकडून मिळेल याची हमी नाही, म्हणून तर निदान स्टील तरी वरचं घ्या असं म्हणतोय. थोडं फसलं तरी बरं निघतं.

आजीची_विळी

एक अडाणी प्रश्न. पेरू, कांदा, दोरी, पार्सलची पट्टी, एवढ्यासाठी घडीचा चाकू हवाच कशाला? भांड्यांच्या दुकानात शंभराच्या आत सोलायची सुरी मिळते, पातं पातळ, मिटत नाही म्हणून लॉक तुटायचा प्रश्न नाही. पुठ्ठ्याचं म्यान करा आणि सॅकमध्ये टाका.

घाटवाटकरी

अडाणी नाही, या धाग्यावरचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. कापण्यात ती सुरी अर्ध्या बजेट चाकूंना हरवते. फक्त पुठ्ठ्याचं म्यान पावसाळ्यात लगदा होतं आणि टोक सॅकमधून बाहेर येतं. प्लास्टिकचं म्यान मिळालं तर माझी हरकत नाही.

शंकेखोर

कायद्याचं कोणी बोलेना म्हणून. आपल्याकडे शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेतीच्या कामाचे त्यातून वगळलेत. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणावाराला, निवडणुकीला मनाई आदेश निघतात, तेव्हा शहरात खिशात चाकू घेऊन हिंडू नका, तीन इंची असला तरी. विमानात केबिन बॅगेत तर नाहीच.

कलमवाला_दापोली

गंजाचं राहिलंच. आंब्याच्या चिकाने साधं कार्बन पोलाद दुपारपर्यंत काळं पडतं. ते काळं पडलेलं चालतं, लाल डाग नको. काम झालं की ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या, मग तेलाचं बोट. डी२ पण आमच्या हवेत पावसाळ्यात ठिपके धरतं, स्टेनलेस समजून कपाटात टाकू नका.

घाटवाटकरी

खोबरेल फक्त पात्याला लावा, पिव्हटमध्ये नको. थंडीत गोठतं आणि पहाटे चाकू उघडता उघडत नाही. तिथे शिलाई मशीनचं तेल.

मेटलर्जी_मामा

बरं, धार किती अंशांवर लावता सगळे? मी दोन्ही बाजूंनी वीस, डी२ ला त्याखाली जात नाही, धारेचे टवके उडतात.

घाटवाटकरी

पंधरा. टवके उडतात असं स्टील घेतोच कशाला मी.

कलमवाला_दापोली

आमची एकाच बाजूने, अंश कोणी मोजलेत. मामा, ती डायमंड प्लेट कुठली घेऊ ते सांगा, तो डी२ अजून पडलाय इथे, एकदा लावून बघतो. काडीवर रेघा आल्या तर मात्र इथे येऊन लिहिणार.