हॉट रॉड, चॉप, चॅनल: मराठीत कसं सांगाल?

किनारपट्टी

नमस्कार मंडळी. मी लॉस एंजेलिसजवळ राहते. आमच्या शेजारचे आजोबा त्यांच्या सोळा वर्षांच्या नातीला हाताशी घेऊन १९३२ सालची फोर्ड हॉट रॉड बांधताहेत. दर शनिवारी त्यांच्या गॅरेजात जाऊन बसायची मला सवय लागली आहे. माझे बाबा सांगलीत डेंटर होते. पस्तीस वर्षं त्यांनी गाड्यांचे पत्रे सरळ केले. फोनवर त्यांना हे सगळं सांगायला जाते आणि शब्दांपाशी अडते.

'हॉट रॉड' म्हणजे 'जुनी गाडी' म्हटलं तर बाबा विचारतात, "मग दुरुस्त करताहेत का?" नाही म्हणावं तर "मग काय करताहेत?" चांगल्या गाडीचं छत कापून तीन इंच खाली का आणायचं, हे त्यांना कसं सांगू? मला तीन गोष्टींसाठी शब्द हवे आहेत. एक, हॉट रॉड या वस्तूसाठी. दोन, चॉप, चॅनल, सेक्शन या क्रियांसाठी. तीन, आजोबा नातीला जे देताहेत त्यासाठी. 'वारसा' म्हणून पाहिलं, पण तो शब्द मला कुठेतरी खटकतो.

शब्दपेटी

ताई, पहिल्या प्रश्नापुरतं सांगते. 'हॉट रॉड'चं भाषांतर करायच्या फंदात पडू नये. मुळात इंग्रजीतच त्याची व्युत्पत्ती पक्की नाही. काही जण 'रॉड' हा 'रोडस्टर'चा, म्हणजे बिनछपराच्या दोन आसनी गाडीचा, तोडलेला शब्द मानतात. काही जण तो इंजिनातल्या रॉडशी जोडतात. दुसऱ्या महायुद्धाआधी कॅलिफोर्नियातली पोरं अशा गाडीला 'गाउ जॉब' म्हणत. 'गाउ' हा तिथल्या बोलीत अफूसाठी वापरला जाणारा शब्द, चिनी वस्तीतून आलेला असं सांगतात. 'हॉप अप' मधला 'हॉप'ही अफूचाच. म्हणजे इंजिनाला नशा चढवली, अशी ती कल्पना. युद्धानंतर 'हॉट रॉड' रुळला आणि जानेवारी १९४८ मध्ये त्याच नावाचं मासिक निघाल्यावर बाकीचे शब्द मागे पडले.

शब्द उसनाच ठेवावा, पण व्याख्या मराठीत नीट द्यावी. मी अशी करीन: जुन्या, स्वस्तात मिळालेल्या गाडीतला अनावश्यक भार उतरवून, इंजिनाची ताकद वाढवून, वेगासाठी आणि स्वतःच्या नजरेला रुचेल अशा घाटासाठी स्वतःच्या हातांनी पुन्हा बांधलेली गाडी. यातलं 'स्वतःच्या हातांनी' गाळलं तर व्याख्या अर्धी राहते.

बाबांच्या 'दुरुस्त करताहेत का' या प्रश्नावर: दुरुस्तीहून पुढचा आपला शब्द 'जीर्णोद्धार'. देवळाचा जीर्णोद्धार करताना मूळ रूपाशी इमान राखणं अपेक्षित असतं. कारखान्यातून निघाली तशीच गाडी पुन्हा उभी करणारे लोक तेच करतात, त्यांच्या कामाला जीर्णोद्धार शोभतो. हॉट रॉडवाला मूळ रूपाशी बांधलेला नसतो. त्यामुळे 'पुनर्बांधणी'सुद्धा मला अपुरा वाटतो. साधं 'गाडी बांधणं' म्हणा. आपण घर बांधतो, होडी बांधतो, त्यातला 'बांधणं'.

बुलेटवाला

'जुगाड' का नको? सगळ्यांना कळतो.

शब्दपेटी

नको, अगदी नको. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं, हाताला लागेल त्यानं आजचं काम भागवणं. त्या कल्पकतेबद्दल मला आदर आहे. पण जो माणूस एका दरवाजाची फट सगळीकडे सारखी यावी म्हणून चार शनिवार घालवतो, त्याच्या कामाला जुगाड म्हणणं अन्याय आहे.

कानस

मी आयटीआयमध्ये शीट मेटलचा निदेशक होतो, आता निवृत्त आहे. दुसरा प्रश्न माझ्या वाट्याचा, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तिन्ही क्रिया वेगळ्या करून घ्या. चॉप म्हणजे छताचे खांब मधून कापून, तेवढा तुकडा काढून, छत खाली बसवणं. चॅनल म्हणजे गाडीचा तळ कापून सगळी बॉडी चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, खाली उतरवणं. यात छत आणि खिडक्या जशाच्या तशा राहतात, फक्त गाडी जमिनीलगत येते. सेक्शन म्हणजे बॉडीच्या कमरेतून आडवी पट्टी कापून वरचा आणि खालचा भाग पुन्हा जोडणं. मी मराठीत सांगताना 'छत उतरवणं', 'बॉडी बसवणं' आणि 'कंबर कापणं' असं सांगेन. 

छत उतरवणं ऐकायला सोपं वाटतं. खांब सरळ उभे असतील, म्हणजे १९२८ ते १९३१ च्या मॉडेल ए फोर्डसारखे, तर ते बरंच सोपं आहेही. पण खांब वर जाताना आत कलत असतील तर मधला तुकडा काढल्यावर वरचं टोक खालच्या टोकावर येतच नाही. मग पुढचे खांब आणखी मागे झुकवावे लागतात किंवा छताचेच उभेआडवे तुकडे करून मध्ये पट्टी घालावी लागते. काचही नव्यानं कापावी लागते. १९४९ च्या मर्क्युरी गाडीचं गोल, उतरतं छत सॅम बॅरिस या गाडी-कारागिरानं कापलं, त्याचं नाव आजही घेतलं जातं ते यामुळे. तीन इंच काढणं हा भाग थोडा. ते तीन इंच कधी नव्हतेच असं दिसायला हवं.

आता माझ्या आवडीच्या शब्दाकडे येतो. वेल्डिंगनं सांध्याजवळचा पत्रा गार होताना आकसतो आणि आजूबाजूचा फुगतो. दाबला की आत जातो, सोडला की टक् करून बाहेर येतो. तो जागेवर आणायला आतून लोखंडी ठोकळा धरतात, ज्याला आपल्या गॅरेजातही डॉलीच म्हणतात, आणि वरून हातोडीचे हलके ठोके एकाला लागून एक असे देत जातात. इंग्रजीत या क्रियेला प्लॅनिशिंग म्हणतात. मराठीत त्यासाठी 'मठारणं' हा शब्द आहे! पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हंडे-घागरींवर जे मठारकाम चालतं, तीच ही क्रिया. ठोक्यांनी धातू दाबला जातो, कडक होतो, पातळ भांडंही दणकट होतं. फरक हेतूचा आहे. तांबट ठोक्यांच्या टिकल्या मुद्दाम ठेवतो, त्यांच्या ओळी ही भांड्याची शोभा असते. गाडीवाल्याला एकही टिकली दिसायला नको असते.

दुसरी गोष्ट, सांधा भरणं. जुने हॉट रॉडवाले सांध्यावर शिशाचा मुलामा चढवत, आजही काही जण चढवतात. सत्तर भाग शिसं, तीस भाग कथील. हे प्रमाण उगीच नाही. हा मिश्रधातू १८३ अंशांना मऊ व्हायला लागतो, पण पूर्ण पातळ व्हायला त्याला साधारण २५५ अंश लागतात. या मधल्या अवस्थेत तो लोण्यासारखा असतो आणि उभ्या पत्र्यावरूनही ओघळत नाही. चरबी किंवा मेण लावलेल्या लाकडी फळीनं तो पसरवतात. पण त्याआधी पत्रा घासून, फ्लक्स (पत्रा स्वच्छ करणारं रसायन) लावून, तापवून त्यावर कथलाचा पातळ थर पुसून घ्यावा लागतो, नाहीतर शिसं धरत नाही. हे वाचताना काय आठवलं? कल्हईवाला! तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकून कापसानं कथील फिरवणारा. त्या पहिल्या थराला 'कल्हई' हाच शब्द बिनचूक आहे, उपमा म्हणून नाही, अर्थानंच. शेवटी कानस मारतात. पॉलिश पेपरनं घासत नाहीत, कारण शिशाची भुकटी श्वासात जाणं विषारी आहे.

आणि शिशाच्या जागी डब्यातली पुट्टी थापली तर त्याला आपले पेंटर 'लांबी भरणं' म्हणतात. बाबांना 'लांबी नाही, शिसं' एवढे तीन शब्द सांगा, बाकीचं ते ओळखतील.

किनारपट्टी

काका, तुमचा प्रतिसाद मी बाबांना शब्दन् शब्द वाचून दाखवला. 'मठारणं' ऐकून ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, त्यांचे उस्ताद हा शब्द वापरायचे, नंतर गॅरेजात सगळे 'प्लेन करणं' म्हणायला लागले आणि तेही म्हणायला लागले.

बुलेटवाला

माझा एक मुद्दा. आपल्याकडे या कामाला धड शब्द नाही, कारण कामच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. त्यामुळे आमच्या पोरांच्या तोंडी एकच शब्द, 'मॉडिफाय'. सायलेन्सर बदलला तरी मॉडिफाय आणि अख्खी गाडी बदलली तरी मॉडिफाय. तुमच्या शेजाऱ्यांच्या तोंडी 'चॉप', 'चॅनल' असे दहा वेगळे शब्द आहेत, कारण त्यांनी ती दहा कामं हातानं केली आहेत.

शब्दपेटी

बुलेटवाले दादा, हे फार मोलाचं बोललात. आता तिसरा प्रश्न, आणि ताई, तुम्हाला 'वारसा' का खटकला ते मला सांगता येईल असं वाटतं.

वारसा जन्मानं येतो. या कलेचा पहिला काळ पाहा. १९३७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी एकत्र येऊन संघटना बांधली, म्युरॉकच्या आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर ही पोरं गाड्या पळवत. त्यांच्यातल्या बहुतेकांना वडिलांकडून यातलं काहीच मिळालेलं नव्हतं. फोर्डनं १९३२ मध्ये स्वस्त व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन आणलं, ते काही वर्षांत भंगारात मिळू लागलं. युद्धातून परतलेल्यांच्या हातात यंत्रकाम होतं. लढाऊ विमानांच्या पोटाखालच्या, विक्रीला निघालेल्या इंधनटाक्यांतून बिल बर्क यानं १९४६ मध्ये शर्यतीची गाडी केली. हे सगळं घेतलेलं आहे, वारशानं आलेलं नाही. आपल्याकडे कारागिरी बलुत्यानं, जातीनं बांधली गेली. कुणी काय शिकायचं हे जन्मावर ठरलं. तो भार 'वारसा' या शब्दावर अजून आहे, निदान माझ्या कानाला तो जाणवतो.

घराण्यं नंतर झाली, हे खरं. इंजिनाची ताकद वाढवणारे भाग बनवणाऱ्या एडलब्रॉक पितापुत्रांचं नाव घेता येईल. वडील १९६२ मध्ये गेले आणि विशीतल्या मुलानं कारखाना हाती घेतला. गाड्यांचा नामवंत रचनाकार चिप फूज लहानपणापासून वडिलांच्या वर्कशॉपमध्ये शिकला. पण जीन विनफील्डसारखा नावाजलेला गाडी-कारागीर नव्वदी ओलांडल्यावरही परक्यांच्या मुलांसमोर छत कापून दाखवत होता, तो कुणाला वारसा देत होता?

माझा कौल 'वसा' या शब्दाला आहे. "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." वसा कुणी कुणावर लादत नाही, मागून घ्यावा लागतो आणि त्याचे नियम पाळावे लागतात.

कानस

वसा सुंदर आहे, पण जरा देवघरातला आहे. कारखान्यातला शब्द 'उमेदवारी'. आज तो निवडणुकीनं पळवला. आमच्या पिढीत "अमक्याकडे दोन वर्षं उमेदवारी केली" म्हणजे झाडू मारण्यापासून शिकलो, असा अर्थ होता. शिकणाऱ्याच्या डोळ्यांत उमेद असते, म्हणून उमेदवार. सोळा वर्षांच्या मुलीसाठी याहून चांगला शब्द मला सापडत नाही.

बुलेटवाला

उमेदवारीचा हा अर्थ मला आज कळला. आजीला विचारलं, तिला माहीत होता.

किनारपट्टी

दोन्ही ठेवते. नात उमेदवारी करते आहे आणि आजोबांनी वसा घेतला आहे. जूनमध्ये फादर्स डेच्या सुमाराला पोमोनात रोडस्टरवाल्यांचा मोठा मेळावा भरत आला आहे. गाडी तिथे न्यायची असं दोघांच्या मनात आहे, पण छत अजून शिवायचं बाकी आहे. ('शिवणं' हा माझा शब्द. थोड्या थोड्या अंतरावर वेल्डिंगचे ठिपके देत जातात, त्याला धावदोऱ्यासारखं म्हणते. चालेल ना?)

काल व्हिडिओ कॉल लावून फोन थेट गॅरेजात नेला. बाबांनी आधी पत्र्याची मागची बाजू दाखवायला सांगितली. मग म्हणाले, पोरीला सांग, पातळ फडकं हाताखाली घे आणि सगळा तळवा फिरव, बोटांची टोकं नको. मी भाषांतर करून सांगेपर्यंत तिनं खिशातून फडकं काढलं होतं. आजोबांनीही तेच शिकवलं आहे.

बाबांचे आणखी दोन शब्द यादीत घाला. हाताला लागणारा उंचवटा म्हणजे 'टेंगूळ', खोलगट जागा म्हणजे 'खळी'. इंग्रजीत हे लोक नुसतं 'हाय' आणि 'लो' म्हणतात. नातीनं दोन्ही शब्द म्हणून पाहिले. 'खळी' जमला. 'टेंगूळ' अजून येत नाही.

कानस

शिवणं चालेल. एकाच जागी सलग वेल्ड मारला की पत्रा तापून वाकतो, म्हणून टाके लांब लांब घालायचे आणि मधलं मागाहून भरायचं. शिंपीही आधी कच्चे टाकेच घालतो.