गाडीच्या बॅटरीत कोणतं पाणी घालता? (अनुभव धागा)

पागोळी
परवा माळा आवरताना भाऊंचा हायड्रोमीटर सापडला. बॅटरीतलं ॲसिड किती दाट आहे ते मोजायची काचेची नळी, वर लाल रबरी फुगा. हातात घेतला आणि आमच्या पद्मिनीचं उघडं बॉनेटच डोळ्यासमोर आलं. भाऊ महिन्यातून एकदा बॅटरीची सहाही बुचं काढून बघायचे. पाणी कमी असेल तर घालायचे ते पावसाचं. पहिले आठ-दहा दिवस धरायचे नाहीत, आधी हवा धुऊन निघू दे म्हणायचे. मग अंगणाच्या मधोमध स्टुलावर प्लास्टिकचं घमेलं. पन्हळीखाली नाही, कारण पत्र्याचा गंज उतरतो. जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून काचेच्या बाटल्या भरायच्या, त्या मे महिन्यापर्यंत पुरायच्या.

मी माझ्या गाडीत दोन वर्षं फिल्टरचं पाणी घातलं. प्यायला चालतं तर बॅटरीला का नाही, असं वाटलं. आधीची बॅटरी साडेचार वर्षं चालली होती, ही दोन वर्षांत गेली. मेकॅनिकने समजावलं की चार्जिंग होताना पाण्याचा हायड्रोजन-ऑक्सिजन होऊन उडून जातो, पण पाण्यातले क्षार आतच राहतात आणि दर वेळी त्यात भर पडते. भाऊ हे कधी बोलून दाखवायचे नाहीत, नुसतं करायचे. आता विचारायला ते नाहीत. तुमच्याकडे काय करायचे?

घाटवळण
हायड्रोमीटर!! वडील एसटीच्या वर्कशॉपात होते. १.२८० म्हणजे फुल्ल, १.१५० च्या आसपास आला की बॅटरी बसली, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

शेवंता
भाऊंचं वाचून गलबलून आलं गं. आमचे बाबाही असेच, सगळं हातातून शिकवायचे.

लातूरकर
आमच्या बोअरचं पाणी टीडीएस मीटरवर (पाण्यातले क्षार मोजायचं यंत्र) ९०० च्या वर. तांब्याला पांढरा थर चढतो, तोच बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटांवर चढणार. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी याच पाण्यानं गेली. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा प्यायला मिळालं हेच खूप होतं, बॅटरीचं कोण बघतो. पण तेव्हाही दुकानात डिस्टिल्ड पाण्याची (वाफ गार करून केलेलं, बिनक्षाराचं) बाटली मिळायची, आम्हीच घेत नव्हतो.

टीपकागद
उकळून गार केलेलं चालतं ना? सासूबाई तेच देतात.

घाटवळण
@टीपकागद नाही ताई. उकळल्यावर जंतू मरतात, क्षार बहुतेक तसेच राहतात, उलट पाणी आटून दाट होतं. आरओमधूनही थोडे क्षार येतातच, शिवाय चवीसाठी मुद्दाम सोडतात ते वेगळे. डिस्टिल्ड किंवा डीएम वॉटर (क्षार काढून टाकलेलं पाणी), बस.

रानवारा
एसीचं पाणी मी इन्व्हर्टरला चार वर्षं घालतोय, काही झालं नाही

दुपारचा_चहा
@रानवारा आमच्याकडे तेच केलं होतं. बादली दोन दिवस बाल्कनीत ठेवली तर तळाशी काळपट गाळ. एसीच्या कॉइलवरची धूळ, धातूचा अंश सगळं त्यात उतरतं. एवढ्या महागाच्या बॅटरीसाठी बाटली घ्या हो दादा, फार नाही लागत.

शेवंता
कपड्यांच्या इस्त्रीत घालते मी एसीचं पाणी. वाफेची इस्त्री. तेही बंद करू का?

माडबन
माझा अनुभव ॲसिडचा. पाणी कमी झालं म्हणून एका गॅरेजवाल्याने बाटलीतून ॲसिडच ओतलं. ॲसिड उडून जात नाही, पाणीच जातं, मग वर ॲसिड कशाला? प्लेटा खाल्ल्या गेल्या, सहा महिन्यांत नवी बॅटरी. त्याच दिवशी थेंब उडाला माझ्या पॅंटवर, धुतल्यावर चाळणी. लग्नाची पॅंट होती, बायको अजून आठवण काढते.

टीपकागद
😄 पॅंटबद्दल सहानुभूती

लातूरकर
काठोकाठ भरू नका कुणी. प्लेटा बुडून वर बोटभर पुरे. काठोकाठ भरलं तर चार्ज होताना बुचातून बाहेर येतं आणि खालचा पत्रा खातं. आमच्या जीपचा ट्रे असाच गेला.

रानवारा
आधी चार्जिंग की आधी पाणी?

घाटवळण
प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी बुडण्यापुरतंच पाणी, मग चार्जिंग, मग खुणेपर्यंत. बुडालेल्या असतील तर चार्जिंग आधी. आणि पाणी घातल्या घातल्या हायड्रोमीटर लावू नका, पाणी वरच राहतं, आकडा खोटा येतो. चष्मा लावा, जवळ विडी-काडी नको.

माडबन
मेंटेनन्स फ्री घेतली की सगळी कटकट संपते.

घाटवळण
संपते, पण उन्हाळ्यात तिचंही पाणी कमी होतं. फक्त घालायला बुच नसतं.

पागोळी
सगळ्यांचं वाचतेय, घरी पाहुणे आहेत म्हणून उशीर. आज भाऊंचाच हायड्रोमीटर लावला. पाच कप्पे १.२५० च्या पुढे, एक १.१८०. फुगा थोडा चिरलाय, बोटाने दाबून धरला तर ओढतो. @घाटवळण, नुसता रबरी फुगा कुठे मिळेल?

घाटवळण
आकडा चार्जिंगनंतरचा असेल तर तो एक कप्पा दाखवून घ्या लवकर, बाकीच्यांनाही ओढतो. फुगा ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडे विचारा. काच नेऊन मापाने घ्या, पण नेताना टॉवेलात गुंडाळा.

शेवंता
इस्त्रीचं कुणी सांगितलंच नाही

दुपारचा_चहा
डिस्टिल्डच घाला ताई, इस्त्रीच्या भोकांतून गाळ कपड्यावर येतो.

शेवंता
बरं. @पागोळी, पद्मिनीचा फोटो असेल तर टाक ना.