जर्मनीत एक्सचेंज सेमिस्टर: ३० क्रेडिट, सहावा विषय आणि परतीचं तिकीट

रानवारा_२१
ऑक्टोबरपासून एक सेमिस्टर जर्मनीत, विषय कॉम्प्युटर सायन्स. लर्निंग ॲग्रीमेंटवर, म्हणजे तिथे कोणते विषय घेणार त्या करारावर, ३० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) दाखवायचे आहेत. यादीत बहुतेक कोर्सपुढे 'व्ही२ + यू२' आणि ६ क्रेडिट असं लिहिलंय. म्हणजे पाच विषय, आठवड्याला २० तास. फारच मोकळं वाटतंय, तर सहावा घेऊन टाकू का? दुसरं, तिथली ग्रेड १ ते ५ मध्ये येते आणि आमची १० पैकी. रूपांतरात मार खातो म्हणतात, खरं का? शिवाय परीक्षांच्या तारखा अजून लागलेल्या नाहीत. परतीचं तिकीट फेब्रुवारीच्या मध्याचं काढलं तर चालेल ना?

टाचणटिपण
सहावा घेऊ नका. ते २० म्हणजे घड्याळाचे २० तास नव्हेत. 'व्ही' म्हणजे फोरलेसुंग, लेक्चर. 'यू' म्हणजे युबुंग, गणितं सोडवून घेण्याचा तास. पुढचा आकडा आठवड्याच्या तासिकांचा, आणि एक तासिका ४५ मिनिटांची. चार तासिका म्हणजे तीन तास, पाच विषयांचे पंधरा. यावरून आणखीच हलकं वाटेल, पण खरा हिशोब क्रेडिटमध्ये आहे. जर्मनीत एक ईसीटीएस साधारण ३० तासांच्या कामाचा धरतात, म्हणून ६ क्रेडिटचा विषय १८० तासांचा. वर्गात १४-१५ आठवडे गुणिले तीन, म्हणजे फार तर ४५ तास जातात. उरलेले १३५ तास कोणी शिकवत नाही, ते तुम्ही एकट्याने काढायचे.

ते जातात युबुंग्सब्लाटमध्ये. दर आठवड्याला चार-पाच प्रश्नांचं एक पान मिळतं आणि साधारण आठवड्याने परत द्यायचं असतं. गणित आणि कॉम्प्युटरच्या बऱ्याच विषयांत या पानांवर मिळून निम्मे गुण जमवल्याशिवाय परीक्षेलाच बसू देत नाहीत. पहिली दोन पानं उजळणीची असतात, त्यामुळे माणूस गाफील राहतो. तिसऱ्या-चौथ्या पानावर सिद्धता येतात आणि एका प्रश्नाला अख्खी संध्याकाळ जाते. सुरुवातीला जास्तीत जास्त गुण बांधून ठेवा, शेवटच्या पानांवर ते मिळत नाहीत. दोघा-तिघांच्या गटात पान द्यायची सोय अनेकदा असते, पण फळ्यावर कोणालाही उभं करतात. 'तो भाग मित्राने केला' हे तिथे चालत नाही.

लेक्चरला हजेरी बहुधा नसते आणि मधली चाचणीही नसते. सगळी ग्रेड शेवटच्या ९० किंवा १२० मिनिटांच्या पेपरवर. जुने पेपर फाखशाफ्टकडे, म्हणजे विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे, विचारा. पहिल्याच आठवड्यात विचारा, जानेवारीत नव्हे.

कागदपत्रे_पूर्ण
कोर्सला नाव घालणं आणि परीक्षेला नाव घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून आलेले सगळ्यात जास्त इथेच अडकतात. पोर्टलवर कोर्स दिसतो, स्लाइड्स मिळतात, युबुंगच्या गटात जागाही मिळते; तरी परीक्षेची नोंदणी झालेली नसते. तिची मुदत ठरावीक असते, बहुतेक सेमिस्टरच्या मध्यात, आणि ती गेली की विषय गेला. एक्सचेंजच्या खात्यातून ते बटण कधी कधी दिसतच नाही, तेव्हा कागदी फॉर्म प्रुफुंग्सआम्टमध्ये, म्हणजे परीक्षा कार्यालयात, द्यावा लागतो.

उलटी चूकही महाग पडते. नोंदणी केली, मुदतीत मागे घेतली नाही आणि पेपरला गेला नाहीत, तर थेट ५.०, नापास. आजारी पडलात तर डॉक्टरांचा दाखला लगेच द्यायचा. आठवड्याने दिलेला दाखला कोणी धरेल अशी आशा नको.

तिकीट: हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. लेक्चरं फेब्रुवारीच्या सुरुवातीला-मध्याला संपतात आणि परीक्षा त्यानंतर सुरू होतात. दुसरी संधी देतात ती बऱ्याचदा मार्चअखेरीस. तेव्हा फेब्रुवारीच्या मध्याचं तिकीट नको. एप्रिलचं काढा, नाहीतर तारीख बदलता येणारं.

लर्निंग ॲग्रीमेंटवर कोर्सच्या नावाबरोबर मॉड्यूल क्रमांकही लिहा. एकाच नावाचे दोन कोर्स असतात, एक बॅचलरचा, एक मास्टरचा. मोडूलहांडबुखमधलं, म्हणजे विषयांच्या माहितीपुस्तिकेतलं, त्या विषयाचं पान पीडीएफ करून ठेवा. तासिका, अभ्यासक्रम, परीक्षेचा प्रकार सगळं त्यात असतं, आणि परतल्यावर क्रेडिट मान्य करणारा माणूस नेमकं तेच मागतो. तिथे पोहोचून विषय बदलला तर बदलाच्या फॉर्मवर तिन्ही सह्या हव्यात: तुमची, पाठवणाऱ्या विद्यापीठाची, घेणाऱ्याची. तोंडी 'हो'ला किंमत नाही.

शून्यचूक
ग्रेडबद्दल. १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. मधल्या पायऱ्या १.३, १.७, २.० अशा. परदेशी गुण जर्मन करायला सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल उणे पासचे गुण याने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. १० पैकी ८.२ मिळाले आणि पास ४ ला असेल तर १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे १.९.

तेच उलटं फिरवलं तर जर्मन २.३ चे १० पैकी ७.४ होतात. मार बसतो तो इथे: अवघड पेपरमध्ये २.३ ही वर्गातल्या चांगल्यांपैकी ग्रेड असू शकते, पण सरळ रेषेच्या सूत्राला ते कळत नाही. म्हणून ट्रान्सक्रिप्टसोबत ईसीटीएस ग्रेडिंग टेबल मागून घ्या. कोणती ग्रेड किती टक्के विद्यार्थ्यांना मिळाली हे त्यात असतं. जुनी ए ते ई वाली पट्टी २००९ मध्येच बाद झाली, त्या पट्टीचे तक्ते नेटवर अजून फिरतात, ते वापरू नका. तुमचं विद्यापीठ सूत्र वापरतं, टेबल वापरतं की फक्त पास-नापास नोंदवतं, हे जाण्याआधी लेखी विचारा. फक्त पास-नापास असेल तर अवघड विषय बिनधास्त घ्या.

निकालानंतर आइनझिश्टची तारीख लागते, तपासलेला पेपर बघायला मिळतो. बेरजेची चूक तिथेच पकडता येते.

रानवारा_२१
पाचच घेतो. त्यातला एक सेमिनार घेतला तर परीक्षेचा पेपर टळतो ना?

टाचणटिपण
पेपर टळतो, पण हाउसआर्बाइट येते: बारा-पंधरा पानांचा निबंध, शिवाय वर्गात सादरीकरण. मुदत बऱ्याचदा सेमिस्टरच्या शेवटी असते, म्हणजे परीक्षांच्या गर्दीत किंवा त्यानंतर लगेच. सोबत 'हे माझंच काम आहे' अशी सहीची घोषणा जोडावी लागते. संदर्भ न देता उचललेला एक परिच्छेदही नापास करायला पुरतो. आणि सेमिनारच्या जागा सेमिस्टर सुरू होण्याआधीच, कधी कधी जुलैतच, भरतात. आजच मेल टाका.

वेळापत्रकात तासापुढे 'सी.टी.' असेल तर पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो, 'एस.टी.' असेल तर ठोक्याला. परीक्षेच्या वेळेपुढे काय लिहिलंय ते दोनदा बघा.